बर्फाच्या गावातली एक खोली

माझा दादा विशीत असताना एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर हिमालयात गेला आणि स्कीइंग शिकून आला. त्या काळी ठाण्याच्या कोपरीतल्या आमच्या इमारतीत कुणी बर्फाचा डोंगर पाहिलेला नव्हता. बर्फ म्हणजे कोळणीच्या टोपलीत माशांवर पसरलेला, नाहीतर गोळेवाल्याकडचा. दादा परत आला तेव्हा नाकाची सालं निघालेली, ओठ फुटलेले आणि तोंडात एकच विषय. गॅलरीत गुडघे वाकवून, अंग पुढे झोकून तो उभा राहायचा आणि मला, धाकट्या बहिणीला, उतारावरून कसं घसरायचं ते शिकवायचा. आई आतून ओरडायची, "अरे, तिचा पाय मोडशील!"

पुढे तो वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लागला. लग्न झालं, मुलगी झाली, ती शिकली आणि लग्न होऊन बेळगावला गेली. हिमालयात परत जाणं काही झालं नाही. दर थंडीत तो म्हणायचा, "एकदा जाऊन येऊ." वहिनी म्हणायची, "जाऊ या की." आणि थंडी संपायची. ठाण्याची थंडी ती, संपायला किती वेळ लागतो?

मग कारखाना बंद व्हायच्या बेतात आला आणि दादाने स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्याच सुमारास मी घर बदलायच्या विचारात होते. मी टिटवाळ्याला राहते आणि कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवते. कल्याणातच कुठे जमतंय का, म्हणून ठाण्यातल्या एका मैदानावर भरलेलं घरांचं प्रदर्शन बघायला आम्ही दोघं गेलेलो. माझ्यासाठी काही मिळालं नाही. बाहेर पडताना कोपऱ्यात एक स्टॉल दिसला. खाली थर्माकोलचे मणी पसरलेले, मागे बर्फाच्या डोंगराचा भिंतभर फोटो, आणि लोकरीची टोपी घालून घामाने निथळणारी एक मुलगी.

"सर, सेकंड होम! बाल्कनीतून स्की-स्लोप दिसतो. रोपवे येतोय."

दादा तिच्याकडे बघतच नव्हता. फोटोकडे बघत होता.

"हा उतार मी उतरलोय," तो म्हणाला.

मला वाटलं, गंमत करतोय. पण गाव खरंच तेच निघालं. तो तिथे राहिला तेव्हा पंधरा-वीस घरं आणि एक डाकबंगला होता. आता फोटोत हॉटेलंच हॉटेलं होती आणि त्यांच्या खालच्या अंगाला, हिरव्या पत्र्यांची, ही नवी पाच मजली इमारत.

परतताना रिक्षात मी त्याला म्हटलं, "दादा, मी वर्गात शिकवते. हिमालय म्हणजे अर्वाचीन वली पर्वत. अजून वर उचलला जातोय. तसल्या उतारावर पाच मजले?"

"अगं, तिथे माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत."

"ती लाकडा-दगडाच्या घरांत राहतात."

"तू पुस्तकातलं बोलतेस," तो हसून म्हणाला. चिडला असता तर मी भांडले असते. पण त्याचा चेहरा असा झाला होता की मला पुढे बोलवेना.

दोन दिवसांनी जेवताना वहिनीने विचारलं, "अहो, तिथे पाणी चोवीस तास येतं का?"

"गोठलं नाही तर येतं."

"मग घ्या," वहिनी म्हणाली.

एक खोली, तिलाच चिकटलेलं स्वयंपाकघर आणि जेमतेम दोन खुर्च्या मावतील अशी बाल्कनी. ताबा मिळाल्यावर पहिल्याच थंडीत आम्ही गेलो. दादा, वहिनी, मी आणि पंचाहत्तरीची आई. आईला नेऊ नये असं मला वाटत होतं, पण तिने बाजारातून आपणहून कानटोपी आणून ठेवली होती, त्यामुळे प्रश्नच मिटला. आधी आगगाडी, मग दिवसभर वळणांचा रस्ता. वहिनीला सारख्या उलट्या. पोचलो तेव्हा संध्याकाळ होत होती आणि सगळा डोंगर गुलाबी दिसत होता. आई गाडीतून उतरली, वाकली, मूठभर बर्फ उचलला आणि देवाच्या अंगाऱ्यासारखा कपाळाला लावला. मग म्हणाली, "काय गो, हा तर पिठासारखा आहे. कोरडाच."

आमच्या इमारतीच्या खाली, पायऱ्या उतरून गेलं की एक जुनं घर होतं. स्लेटच्या दगडी चिपांचं छप्पर, खाली गोठा, वर माणसं. ते होतं मास्तरचं. उतारावर स्की भाड्याने द्यायच्या आणि शिकवायचं, हा त्याचा धंदा. वयाने दादापेक्षा थोडा लहान. सगळे पर्यटक त्याला मास्टरजी म्हणायचे, आम्ही मास्तर केला. आमची इमारत उभी होती ते त्याचंच एके काळचं बटाट्याचं शेत. मुलींच्या लग्नांसाठी आणि स्कीच्या दुकानासाठी त्याने ते विकलं होतं. ही गोष्ट त्यानेच पहिल्या दिवशी चहा देताना सांगितली, अगदी सहज: "आप लोग मेरे आलू के ऊपर सोते हो."

दुसऱ्या दिवशी त्याने दादाच्या पायात स्की बांधल्या. अठ्ठावन्न वर्षांचा माझा भाऊ लहान मुलांच्या उतारावर उभा राहिला, पाच-सात हात गेला आणि धाडकन पडला. वहिनी किंचाळली. तो उताणा पडून आभाळाकडे बघत हसत होता. असं हसताना मी त्याला कारखान्याच्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. आठवडा संपेपर्यंत तो वळायला शिकला. मास्तर त्याच्या पुढे, तोंड त्याच्याकडे करून उलटा घसरत, दोन्ही हात पसरून त्याला बोलवायचा, चालायला लागलेल्या पोराला बोलवावं तसा.

त्यानंतरची काही वर्षं चांगली गेली. थंडीत पंधरा दिवस आणि उन्हाळ्यात दोन महिने, असा दादा-वहिनीचा नेमच झाला. उन्हाळ्यात आईही असायची. मास्तरची बायको सकाळी दूध घेऊन वर यायची आणि तासभर बसायची. आईचं हिंदी म्हणजे मराठीला शेवटी 'है' जोडायचं. ती बाई आपल्या पहाडी बोलीत बोलायची. तरी दोघींना एकमेकींच्या बाळंतपणांपासून सगळं ठाऊक होतं. आई तिला बाय म्हणायची, ती आईला माताजी. आईने तिला आंबोळी शिकवली, तिने आईला गाईचं धारोष्ण दूध प्यायला लावलं. मे महिन्यात मी टिटवाळ्याहून फोन केला की आई म्हणायची, "इथे गोधडी लागते. तुमच्याकडे काय?" आमच्याकडे पंख्याखाली घामोळं.

रोपवे मात्र आला नाही. खांबांसाठी खणलेले खड्डे होते, त्यांत पाणी साचायचं. हॉटेलं वाढत गेली आणि बर्फ कमी होत गेला. आधी डिसेंबरात पडणारा जानेवारीवर गेला, मग फेब्रुवारीवर. एका वर्षी तर पडलाच नाही. त्या वेळी मीही तिथे होते. वाळलेलं पिवळं गवत, त्यावर भाड्याचे रंगीत कोट घालून फोटो काढणारे पर्यटक आणि दुकानासमोर उन्हात रांगेने उभ्या करून ठेवलेल्या स्की. मास्तर रोज सकाळी त्यांना मेण लावायचा. दुपारी आभाळाकडे बघायचा. एकदा एका पर्यटकाने त्याला विचारलं, "बर्फ कब गिरेगा?" जसं काही ते दुकानाचं काम होतं. मास्तर म्हणाला, "माफ करना साहब." तो माफी का मागतोय, हे मला तेव्हा समजलं नाही. पण त्याला दुसरं काय सुचणार होतं?

पुढच्या पावसाळ्यानंतर मास्तरचा फोन आला. त्याने व्हिडिओ पाठवला होता. आमच्या खोलीची भिंत, खिडकीच्या कोपऱ्यातून खाली उतरलेली एक भेग, आणि त्या भेगेत घातलेली मास्तरची बोटं. त्याच्या घरात तर जमीनच फाटली होती. रात्री खालून पाणी वाहिल्याचा आवाज येतो, असं तो सांगत होता.

दादाने बिल्डरला फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता. तिथल्या कचेरीत लावला. साहेब पाहणीला गेले होते. उद्या करा. उद्या केला, तर साहेब मीटिंगला. कोपरीच्या घरात बसून तो दिवसभर फोन लावत राहायचा. वहिनी चहा ठेवायची आणि तो गार व्हायचा. कुणी म्हणे रस्त्यासाठी डोंगर कापला म्हणून झालं, कुणी म्हणे हॉटेलांचं सांडपाणी मुरलं, कुणी म्हणे देवीचा कोप. त्याच आठवड्यात माझा नववीच्या वर्गात भूस्खलनाचा धडा होता. फळ्यावर मी डोंगराचा उतार काढला, त्यात पाण्याचे बाण काढले आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. एका मुलीने विचारलं, "मॅम, मग तिथली माणसं काय करतात?" पुस्तकात त्याचं उत्तर होतं: झाडं लावावीत, उतारावर बांधकाम टाळावं. मी तेच सांगितलं. मुलींनी लिहून घेतलं.

डिसेंबरात कळलं की इमारत रिकामी करायची आहे, सामान असेल तर येऊन घेऊन जा. वहिनी आईजवळ थांबली, मी आणि दादा गेलो. आईला एवढंच सांगितलं की रंगकाम काढलंय.

इमारतीच्या दारावर लाल फुली मारलेली होती. एक पोलीस आम्हाला आत सोडायला तयार नव्हता. मग म्हणाला, पटकन जा, पटकन या. जिना चालताना एका बाजूला कलल्यासारखा वाटत होता. खोलीचं दार चौकटीत अडकलं होतं. दादाने खांद्याने रेटून ते उघडलं. आत सगळं जागच्या जागी होतं. आईची कानटोपी खुंटीला, ओट्यावर पालथा घातलेला आंबोळीचा बिडाचा तवा. फक्त बाल्कनीचं दार उघडत नव्हतं आणि फरशी मधोमध फुगून आली होती. मी पिशवीत भराभर डबे टाकत होते. दादा मधे उभा होता, हात लोंबकळत.

"दादा, काय काय घ्यायचं? सांग ना."

"काय घेऊ?" तो मलाच विचारत होता. "अगं, सगळंच तर इथलं आहे. कोपरीत या जाड रजया काय करायच्या?"

शेवटी मी कानटोपी आणि डबे घेतले. त्याने काहीच घेतलं नाही. दार ओढून घेतलं आणि, सवयीने, कुलूप लावलं.

मास्तर आणि त्याची बायको गावातल्या शाळेत होते. एका वर्गात चार कुटुंबं, बाकं भिंतीला सरकवलेली. तिची गाय बाहेर व्हरांड्याच्या खांबाला बांधली होती. तिथले लोक म्हणत, गाय विकून टाक, आणि ती कुणाशी बोलायची बंद झाली होती. मला पाहून तिने फक्त विचारलं, "माताजी ठीक हैं?"

"ठीक आहे," मी म्हटलं. "हैं. ठीक हैं."

आणि त्या दुपारी बर्फ पडायला लागला. आधी बारीक, मग कापसाच्या पेळूएवढा. अनेक वर्षांत असा पडला नव्हता, असं जो तो म्हणत होता. तासाभरात समोरचा उतार पांढरा झाला. माणूस नाही की कुत्रं नाही. पर्यटकांना केव्हाच खाली पाठवलं होतं, दुकानं बंद होती. दादा आणि मास्तर शाळेच्या पायरीवर शेजारी शेजारी बसले होते. दादाच्या तोंडून निघून गेलं, "वाह."

मास्तर उताराकडे बघत नव्हता. खाली, आपल्या घराच्या छपराकडे बघत होता.

"वजन आयेगा," तो म्हणाला. "अब छत पे वजन आयेगा."

दादाने मान खाली घातली. दोघंही अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले. घरावर जाऊन बर्फ खाली ओढावा, तर पोलीस जाऊ देत नव्हते. दोनदा मास्तर उठून गेला आणि दोनदा त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्याच्या बाजूचं छप्पर बसलेलं होतं. मास्तरच्या बायकोने ते वरूनच पाहिलं, गाईला पाणी दाखवलं आणि वर्गात जाऊन पांघरूण डोक्यावरून घेऊन झोपली.

घरी आल्यावर आईने कानटोपी पाहिली आणि रंगकामाबद्दल काही विचारलं नाही. नुसती म्हणाली, "त्या बायला इकडे घेऊन का नाही आलात?"

आईच्या हट्टाखातर दादाने फोन लावून दिला. आईने बोलवणं केलं. पलीकडून विचारणा झाली, गाय आणता येईल का. आई दादाकडे बघायला लागली, आणि दादा तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीकडे.

इमारत पुढच्या उन्हाळ्यात पाडली. भरपाई तिथे कायम राहणाऱ्यांना मिळणार होती. आमचं ते सेकंड होम, त्यामुळे आमचा प्रश्नच नव्हता आणि ते बरोबरच आहे, असं दादा म्हणाला. मास्तरची भरपाई मात्र अडली होती, कारण घर अजून त्याच्या आजोबांच्या नावावर होतं. बायको गाईला घेऊन माहेरी गेली. मग एके दिवशी मास्तरचाच फोन आला. त्याच्याकडे पूर्वी शिकलेल्या कुणीतरी त्याला मुंबईत काम बघून दिलं होतं. बर्फाचंच काम आहे, तो म्हणाला.

तो कोपरीत दादाकडेच उतरला. काम एका मॉलमध्ये होतं. तिथे मोठ्या बंद हॉलमध्ये यंत्राने थंडी करून बर्फ पसरलेला असतो, तिकीट काढून आत जायचं आणि रबरी ट्यूबमध्ये बसून घसरायचं. वरून ट्यूब ढकलायची आणि खाली आलेली परत वर ओढून न्यायची, हे मास्तरचं काम. सकाळी तो दादाबरोबर चहा घ्यायचा, घामाने डबडबलेला. आमच्या उकाड्याने त्याच्या अंगावर चट्टे उठले होते. आई त्याच्या पाठीला चंदन उगाळून लावायची. दिवसभर तो गोठवणाऱ्या थंडीत असायचा आणि रात्री वहिनी गॅलरीत त्याचं अंथरूण घालायची, तरी त्याला झोप लागायची नाही. कामाबद्दल विचारलं की म्हणायचा, "अच्छा है."

दादा बरेच दिवस तिथे गेला नाही. शेवटी एका रविवारी मला म्हणाला, "तू येतेस का? एकट्याने नको वाटतं."

आम्ही तिकीट काढलं. भाड्याचे ओलसर कोट आणि बूट चढवले. आत निळे दिवे, कानठळ्या बसवणारी गाणी, किंचाळणारी पोरं. उतार म्हणजे आमच्या शाळेच्या जिन्याएवढा. त्याच्या वरच्या टोकाला पिवळं जाकीट घालून मास्तर उभा होता आणि एकामागून एक ट्यूब ढकलत होता. "नेक्स्ट. चलो, नेक्स्ट." ज्या माणसाला मी अख्ख्या डोंगरावरून, हातात काठ्याही न धरता, उलटा उतरताना पाहिलं होतं, त्याला एक पोरगा सांगत होता, "अंकल, जोर से धक्का दो ना!"

मास्तरने आम्हाला पाहिलं. क्षणभर वाटलं, तो तोंड फिरवेल. पण तो ओशाळं हसला. दादा रांगेत उभा राहिला. त्याची पाळी आली तेव्हा तो त्या लाल ट्यूबमध्ये बसला, पांढरे केस, गुडघे छातीशी. मास्तर वाकला. त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ढकलेचना. मागची पोरं ओरडायला लागली. दादा मान वळवून त्याला काही तरी सांगायला गेला, पण गाण्यांच्या आवाजात ऐकू गेलं नसावं. मग मास्तरने हलकेच, अगदी हलकेच, ट्यूब सोडली.

खाली आल्यावर दादाला ट्यूबमधून उठता येईना. मी हात दिला. "चल," तो म्हणाला. बाहेर येऊन त्याने कोट परत केला आणि बाकावर बसून राहिला. मी शेजारी बसले.

पावसाळ्याच्या आधीच मास्तर निघाला. छातीत कफ धरला होता, आणि तिकडे बायको एकटी होती. तिकडेच, डोंगराखालच्या शहरात एका हॉटेलवर चौकीदाराचं काम मिळत होतं. वहिनीने त्याला पुरणाच्या पोळ्या बांधून दिल्या, आईने त्याच्या बायकोसाठी आपलं एक सुती लुगडं. आम्ही त्याला गाडीवर सोडायला कल्याणला गेलो. गाडी यायला वेळ होता. दादा पाण्याची बाटली आणून दे, बिस्किटं आणून दे, असं करत सारखा उठत होता.

गाडी हलली तेव्हा मास्तर दारात उभा होता. तिथे थांबलेल्या आम्हाला, दर मुक्कामाच्या शेवटी म्हणायचा तसं, हात उंचावून तो म्हणाला, "सर्दियों में आना, भाईसाब!"

म्हटलं आणि त्याचा हात तसाच वर राहिला.

"येणार," दादा मोठ्याने म्हणाला. "आएंगे, आएंगे!" गाडी पुढे गेली. दादा तिच्याबरोबर थोडा चालला आणि खांबापाशी थांबला. मग मला म्हणाला, "तुझी टिटवाळ्याची गाडी कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागते?" मी सांगितलं. तो मला तिथपर्यंत सोडायला आला आणि माझी गाडी सुटेपर्यंत तिथेच उभा राहिला.